गाडी आज गेरूवर

विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात मुलाखती चालल्या होत्या आणि टेबलापलीकडच्या तिघांपैकी दोघांना एव्हाना जांभया यायला लागल्या होत्या. जागा एकच होती. पद संशोधन सहायकाचं, मुदत दोन वर्षं, विषय रेल्वे स्थानकांवरची प्रवाशांची गर्दी आणि तिचं नियोजन. सकाळपासून आलेल्या उमेदवारांनी समीकरणं मांडून दाखवली होती, परदेशातल्या मोठमोठ्या स्थानकांची नावं सांगितली होती. बाराव्या नंबरला यशोदा मोतीलाल सुरवाडे आत आली. वय चोवीस, नुकतीच एम.एस्सी. झालेली, भडगाव तालुक्यातल्या गिरणाकाठच्या एका लहानशा गावची. एका चौरस मीटरमध्ये किती माणसं उभी राहू शकतात, असं तिला विचारण्यात आलं.

यशोदाने उलट विचारलं, "सर, टोपल्या डोक्यावर आहेत की खाली ठेवल्यात?"

विभागप्रमुख नेहेते सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणजे काय, ते जरा नीट सांग, म्हणाले. मग यशोदाने सांगितलं, की ती पाच वर्षं गावाजवळच्या नांदखेडे स्टेशनावरून जळगावला पॅसेंजरने कॉलेजला जात होती. भाजीवाल्या बायका डोक्यावर टोपली घेऊन उभ्या असल्या की एवढ्या जागेत पाच जणी सहज मावतात. टोपली खाली आली की ती दोघींची जागा खाते, आणि तिला कुणाचा पाय लागू नये म्हणून बाई वाकून उभी राहते, ती आणखी एकीची. तेव्हा नुसती माणसं मोजून भागायचं नाही.

जांभया थांबल्या. आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र घरी आलं, तो जून १९९३ चा पहिला आठवडा होता.

गावात ही नोकरी समजावून सांगणं मुलाखतीपेक्षा अवघड गेलं. वडील मोतीलाल गवंडी. पंचक्रोशीतल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. त्यांना वाटलं, पोरगी रेल्वेत लागली. ते दोन दिवस तसंच सांगत फिरले, तिसऱ्या दिवशी यशोदाने त्यांना थांबवलं. तिची आई भिकुबाई शेतमजुरीला जायची. तिने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला एकच उत्तर देऊ लागली, की माझी यशोदा माणसं मोजते. कशाला मोजते, असं कुणी पुढे विचारलं की म्हणायची, मोजल्यावर कळेल.

अभ्यासासाठी चार स्थानकं निवडली होती आणि त्यांतलं सर्वांत लहान नांदखेडे यशोदाच्या वाट्याला आलं. दोन फलाट, एक पादचारी पूल, एक पाण्याचा नळ आणि त्याच्या शेजारी एक भलामोठा कडुनिंब. स्टेशन मास्तर होते रुपचंद भोळे. माणूस नेकीचा, पण सावध. हातात वही घेऊन फलाटावर उभी असलेली मुलगी पाहून त्यांना खात्रीच पटली, की कुणीतरी आपल्याविरुद्ध अर्ज केलाय आणि ही चौकशीला आली आहे. पहिला आठवडाभर त्यांनी तिला दिवसातून तीन वेळा चहा पाठवला. यशोदाने विद्यापीठाचं पत्र पुन्हा एकदा वाचून दाखवल्यावर चहा एकदाच यायला लागला, पण आता तो मनापासून असायचा.

मोजणीसाठी विद्यापीठाने बोटाने टक्‌टक् दाबायचं एक यंत्र दिलं होतं. ते तिसऱ्या दिवशी चारशे सोळावर अडकलं ते अडकलंच. यशोदाने घरून चिंचोके आणले. दहा माणसं झाली की एक चिंचोका डाव्या पिशवीतून उजव्या पिशवीत टाकायचा. फलाटाचे तिने वीस भाग पाडले होते, आणि गाडी येण्याआधी कुठल्या भागात किती माणसं, गाडी आल्यावर किती, किती टोपल्या, किती गाठोडी, सगळं वहीत उतरत होतं. पाहणारे हसायचे. बायका म्हणायच्या, पोरगी शिकली आणि चिंचोके खेळायला लागली.

दोन महिन्यांत एक गोष्ट वहीत स्पष्ट दिसायला लागली. नांदखेड्याला तशी गर्दी फार नव्हतीच. वीस भागांपैकी सतरा भाग रिकामे असायचे आणि सगळी माणसं नळ आणि कडुनिंबाच्या आसपासच्या तीन भागांत दाटलेली. साधे डबे मात्र थांबायचे फलाटाच्या टोकाला. गाडी दिसली रे दिसली की दोनशे माणसं एकदम उठायची आणि गाठोडी, पोरं, म्हातारे यांच्यासकट एका दिशेला पळत सुटायची. गाडी थांबायची दोन मिनिटं. त्यातलं दीड मिनिट पळण्यात जायचं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी या पळापळीत रुक्माबाई नावाची म्हातारी पडली. यशोदा वहीत धावपळ सुरू झाल्याची वेळ लिहीत होती. तिने म्हातारीला पडताना पाहिलं, तिच्यावरून दोघे जण उडी मारून गेलेले पाहिले, आणि वही तिथेच टाकून ती धावली. रुक्माबाईचं मनगट मोडलं होतं. नातीला भेटायला निघाली होती बिचारी. यशोदाने तिला बाकावर बसवलं, आपल्या ओढणीने हात गळ्यात बांधला, भोळे साहेबांनी टांगा बोलावला. दवाखान्यात पोहोचवून परत आल्यावर तिने वही उचलली तर त्या दिवसाचं पान तुडवलं गेलं होतं. तिने ते फाडलं नाही. पण त्या दिवसापासून आपण नुसते आकडे जमवतोय, याची तिला लाज वाटायला लागली.

नेहेते सरांना तिने तसं सांगितलंही. सर म्हणाले, आकडे कमी पडत नाहीत, पडत असेल तर आपलं बघणं कमी पडतंय. पळणारे बघून झाले ना, मग आता न पळणारे कोण आहेत ते बघ.

न पळणारे होते. जळगावच्या भाजीबाजारात वांगी घेऊन जाणाऱ्या अकरा बायकांचा एक ताफा रोज सकाळी फलाटावर यायचा आणि टोकाला एका ओळीत उभा राहायचा. त्यांची म्होरकी बेबाबाई. पन्नाशीची, उंच, टोपली डोक्यावर असतानाही मान डुलवत बोलणारी. इतकी वर्षं यशोदाने त्यांना पाहिलं होतं, पण या बायका पळापळीत कधी सापडतच नाहीत, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. गाडी थांबायची तेव्हा डब्याचं दार नेमकं बेबाबाईच्या नाकासमोर यायचं. एकदा नाही, रोज.

यशोदाने विचारलं, "अक्का, तुम्हाला पळावं कसं लागत नाही?"

"आम्ही धावतस नही, पोरी," बेबाबाई म्हणाली. "गाडीच आमना पुढे येईसन उभी ऱ्हास."

बाकीच्या दहा जणी हसल्या. यशोदाने मग चार दिवस मोजणी सोडून फक्त या बायकांकडे लक्ष ठेवलं. चौथ्या दिवशी एक नवल दिसलं. रोज पुढच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या बायका त्या दिवशी निमूटपणे मागच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. गाडी आली ती उलट्या क्रमाने जोडलेली, साधे डबे मागे. सगळा फलाट पुढे पळाला, मग ओरडत मागे पळाला, आणि बेबाबाई आरामात आत चढून खिडकीशी बसली.

आता मात्र यशोदा तिच्यासोबत डब्यात चढली आणि जळगावपर्यंत पिच्छा पुरवला. गाडी उलटी येणार, हे तिला आधी कळलं कसं? बेबाबाईने थोडे आढेवेढे घेतले. हे तिच्या धंद्यातलं गुपित होतं. शेवटी म्हणाली, "भटूना ठेला कथा उभा शे, ते देखत जाय."

म्हणजे ठेला कुठे उभा आहे ते बघत जायचं. भटू हा स्टेशनचा पार्सल पोर्टर. केळीचे घड आणि भाजीचे हारे त्याला गाडीच्या सामानाच्या डब्यात चढवायचे असत. तो डबा कुठे थांबणार हे ठाऊक असल्याशिवाय ठेला ओढून उपयोग नाही. म्हणून भटू रोज मास्तरांकडून आधीच्या स्टेशनला फोन करवून गाडी सुलटी आहे की उलटी ते विचारून घ्यायचा आणि त्याप्रमाणे ठेला उभा करायचा. सामानाच्या डब्याला लागूनच साधे डबे. बायका ठेल्यावर नजर ठेवायच्या. म्हणजे गाडीची सगळी माहिती गाडीच्या अर्धा तास आधी रोज स्टेशनात येत होती. फक्त ती केळीच्या घडांना मिळत होती, माणसांना नाही.

यशोदाने हे नेहेते सरांना सांगितलं तेव्हा सर खुर्चीतून उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ एकटेच हसत राहिले.

पुढची योजना तिघींनी मिळून ठरवली असं म्हणायला हरकत नाही : यशोदा, बेबाबाई, आणि स्टेशनावर यायला कायम काहीतरी निमित्त शोधणारी भिकुबाई. डबे जिथे थांबतात तिथे फलाटावर पट्टे ओढायचे. अक्षरं लिहून उपयोग नव्हता, निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं. म्हणून दोन रंग. गाडी सुलटी असेल तेव्हाचे पट्टे पांढऱ्या चुन्याचे, उलटी असेल तेव्हाचे गेरूचे. आणि फोन आला की भटूने पत्र्याचा कर्णा घेऊन फलाटभर सांगत जायचं, गाडी आज पांढऱ्यावर, किंवा गाडी आज गेरूवर. एवढंच.

भोळे साहेबांना योजना पटली, पण ते म्हणाले, बाई, फलाटावर पानाची पिंक पडली तर मला कुणी विचारत नाही, पट्टा ओढला तर मात्र वरून विचारतील. परवानगीचा अर्ज गेला. तो कुठे कुठे फिरून आला कोण जाणे, पण प्रायोगिक तत्त्वावर मंजुरी यायला दुसऱ्या वर्षाचा सप्टेंबर उजाडला.

पट्टे ओढायला मोतीलाल आले. रेल्वेत लागलेल्या मुलीचं कौतुक सांगता आलं नव्हतं, त्याची भरपाई त्यांनी इथे केली. दोर ताणून, ओळंबा असावा इतक्या गंभीरपणे त्यांनी एकेक रेघ आखली. नुसता चुना दोन दिवसांत पायांनी जाईल म्हणून त्यात डिंक आणि मीठ घातलं, गेरूतही डिंक. भोळे साहेब मागे उभे राहून पाहत होते, ते म्हणाले की स्टेशनची इमारत बांधतानाही इतकी मोजमापं घेतली नसतील.

पहिला आठवडा लोकांनी पट्ट्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. सावली सोडून उन्हात कोण उभं राहणार? मग बेबाबाईनेच तोडगा काढला. तिने आपल्या बायकांना पट्ट्यांवर एकेक करून पांगवलं आणि चढताना मोठ्याने गप्पा मारायला सांगितलं, की बघा बाई, कसं दार समोर आलं. दिवाळीपर्यंत नांदखेड्याच्या बाजारपेठेत लोक एकमेकांना विचारायला लागले, की आज गाडी कोणत्या रंगाची? यशोदाच्या वहीत वीसपैकी चौदा भागांत माणसं दिसू लागली. धावपळीच्या रकान्यात पहिल्यांदा शून्य आलं, त्या दिवशी तिने तो आकडा दोनदा गिरवला.

खरी कसोटी डिसेंबरात होती. सहा तारखेला बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन, आणि त्यासाठी पाच तारखेच्या दुपारच्या गाडीने आसपासच्या चौदा-पंधरा गावांतली माणसं दादरला निघायची. एरवी त्या गाडीला नव्वद माणसं असत. यशोदा लहानपणापासून आईबरोबर या गर्दीतून गेली होती. तिला त्या गाडीची आठवण म्हणजे आईने दंडाला धरून खिडकीतून आत ढकललं ती.

पाच तारखेला सकाळपासूनच ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यायला लागल्या. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, काठीला बांधलेले निळे झेंडे, फडक्यात भाकरी आणि ठेचा. भिकुबाई आपल्या गावच्या चाळीस माणसांना घेऊन आली होती. एक वाजता यशोदाने चौसष्टावा चिंचोका टाकला. भटूच्या अंदाजाप्रमाणे सगळ्यांना पुढच्या टोकाला पांढऱ्या पट्ट्यांवर बसवलं होतं, कारण ही गाडी महिनाभर सुलटीच येत होती. लोक शिस्तीत बसून जेवत होते. भोळे साहेब स्वतः बाहेर येऊन पाहून गेले आणि खूश झाले.

सव्वादोनला ते पुन्हा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. आधीच्या स्टेशनचा फोन आज नेमका उशिरा आला होता. गाडी उलटी होती आणि पंधरा मिनिटांत येणार होती.

साडेसहाशे माणसांना फलाटाच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचं होतं. भटू कर्णा उचलणार तोच यशोदाने त्याचा हात धरला. गाडी गेरूवर, असा पुकारा झाला असता तर सगळे एकदम उठले असते. रुक्माबाई पडली तेव्हाचा तो आवाज तिच्या कानात आला आणि तिने भटूचा हात आणखी घट्ट धरला. भिकुबाईने पोरीचं तोंड पाहिलं, काय झालं ते समजून घेतलं.

"भ्याऊ नको," ती म्हणाली. "कसं जावानं, तेवढं सांग."

आणि सांगायला लागल्यावर यशोदाला सगळं सुचत गेलं. बेबाबाई आणि तिच्या बायका बाजारातून आधीच्या गाडीने परतल्या होत्या आणि गंमत बघत पुलाखाली बसल्या होत्या. यशोदाने त्यांना गेरूच्या पट्ट्यांवर एकेक उभं केलं आणि रिकामी टोपली हात उंच करून वर धरायला सांगितलं. प्रत्येक टोपलीला एक-दोन गावं नेमून दिली. इकडे भिकुबाई आणि ती गावागावाच्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या. पलीकडच्या टोकाला जवळ असलेल्यांनी आधी उठायचं, मग त्यांच्या मागच्यांनी. गाठोडी खाली नाहीत, डोक्यावर. म्हाताऱ्यांना मध्ये घ्यायचं. आपल्या गावाची टोपली बघत चालायचं, पळायचं नाही.

एकेक गाव उठलं. लांबलचक पांढरी रांग निळे झेंडे घेऊन नळावरून, कडुनिंबाखालून चालत निघाली. कुणी घोषणा सुरू केली, तिच्या ठेक्यावर पावलं पडायला लागली आणि चाल आपोआप एकसारखी झाली. यशोदा मधोमध उभी होती. रांग तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे जात होती आणि कुणाचा धक्कासुद्धा तिला लागला नाही. शेवटचं गाव गेरूवर पोहोचलं तेव्हा सिग्नल पडला होता.

गाडी आली, दारं टोपल्यांसमोर थांबली, आणि माणसं चढली. आधी म्हातारे, मग पोरं, मग बाकीचे. भिकुबाई सर्वांत शेवटी चढली. दारातून तिने मुलीकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. गाडी दोन मिनिटांच्या जागी दोन मिनिटं वीस सेकंद थांबली. गार्डने हिरवा झेंडा दाखवताना भोळे साहेबांना हात केला, आणि साहेबांनी पहिल्यांदाच फलाटावर कुणाला तरी कडक सलाम ठोकला.

एकच माणूस राहिला. भडगावचे उखर्डू बाबा नळामागे विडी ओढायला गेले होते. परत येऊन बघतात तो फलाट रिकामा. त्यांनी यशोदाला, विद्यापीठाला आणि शिक्षणाला मिळून जे ऐकवलं ते तिने वहीत लिहिलं नाही. भोळे साहेबांनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवून चहा पाजला, पुढच्या गाडीने चाळीसगावला पाठवलं आणि तिथून वेगाची एक्स्प्रेस मिळवून दिली. ती एक्स्प्रेस वाटेत बाकीच्यांच्या गाडीला मागे टाकून गेली. भिकुबाई दादरला उतरली तेव्हा उखर्डू बाबा दोन तासांपासून फलाटावर उभे होते आणि एवढा उशीर का केला म्हणून सर्वांना रागवत होते.

अहवाल मे महिन्यात पूर्ण झाला. एकशे बारा पानं, तक्ते वेगळे. आभाराच्या पानावर बेबाबाई आणि भटू यांची नावं नेहेते सरांच्या आधी होती. ती तशीच राहू द्या, असं सरांनीच टंकलेखकाला बजावलं. रेल्वेकडून दोन ओळींचं उत्तर आलं, अहवाल मिळाला, योग्य विचार करण्यात येईल. यशोदाला ते लागलं. ती पत्र घेऊन नांदखेड्याला गेली. भोळे साहेबांनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि तिला फलाटावर नेलं. मोतीलालांच्या पट्ट्यांवरून भटू ब्रशने पक्का तैलरंग देत होता. वरून विचारणा झाली तर काय, असं तिने विचारलं. साहेब म्हणाले, निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, तोवर विचारणारा येऊन पोहोचत नाही.

पदाची मुदत संपली. त्याच जुलैमध्ये यशोदा धुळ्याच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्राची अधिव्याख्याता म्हणून रुजू झाली. पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी तिला कार्यालयात बोलावलं. बाहेर प्रवेशासाठी आलेल्या मुलांची आणि पालकांची झुंबड उडाली होती, एका खिडकीची काच फुटली होती. प्राचार्य तिच्या अर्जातला जुन्या नोकरीचा उल्लेख वाचून म्हणाले, तुम्ही त्या गर्दीवाल्या बाई ना, यावर काही करता येईल का?

यशोदा म्हणाली, येईल, पण आधी दोन दिवस काही न करता मला समोरच्या पायरीवर बसू द्या. प्राचार्यांनी जरा चमकून पाहिलं आणि होकार दिला. तिने पर्समधून नवी वही काढली, पदर खोचला आणि पायरीवर शिपायाशेजारी जागा करून बसली. शिपायाने तिला आधी नाव विचारलं आणि मग कोणत्या खिडकीशी कोण का थांबतं, ते आपणहून सांगायला लागला.